वेल्डनची धावती रात्र

माझा भाऊ हॉयट टिलमन जगात कशासाठी ओळखला जात असेल, तर एका खोकल्यासाठी. खोटं नाही सांगत. एकदा त्याला थेट जपानहून पत्र आलं होतं. त्यात विचारलं होतं, 'तिसऱ्या गाण्यात दोनदा खोकलेले गृहस्थ ते आपणच का?' हॉयटने ते पत्र चौकटीत बसवून कारपोर्टच्या, म्हणजे गाडी लावायच्या छपराखालच्या, भिंतीवर लावलं. आमच्या आईवडलांच्या लग्नाचा फोटो अजून बुटांच्या खोक्यात पडलाय, ते सोडा.

हा खोकला आहे वेल्डनच्या कॅसेटवर. वेल्डन म्हणजे आमचं गाव, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेला, पाइनच्या रानात. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये इथल्या तंबाखूच्या लिलावाच्या गोदामात 'सटिला रोड' बँडचा कार्यक्रम झाला. चौघंही पोरं इथलीच, आसपासच्या गावांतली. तोवर त्यांच्या दोन रेकॉर्डी निघाल्या होत्या आणि पार उत्तरेकडच्या शहरांत त्यांचं नाव घेतलं जायचं. हॉयट तेव्हा तेवीस वर्षांचा होता. टोपीत मायक्रोफोन लपवून, टेपरेकॉर्डर कोटाच्या आत धरून, त्या मरणाच्या उकाड्यात कोट घालून पठ्ठ्या दीड तास उभा राहिला. टाळी वाजवली नाही की आरोळी ठोकली नाही, कारण चोरून टेप करणाऱ्याने तोंडातून ब्र काढायचा नाही असा या लोकांचा नियम. फक्त दोनदा खोकला. तंबाखूची धूळ घशात गेली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडची व्हॅन धुक्यात एका ट्रकवर आदळली. लाकडं भरलेला तो ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याचे मागचे दिवे बंद होते. गाणारा आणि गिटार वाजवणारा रेबर्न लॅसिटर जागच्या जागी गेला. व्हॅन चालवत होता ड्रमर, डेल्मर काउअर्ट, आमच्याच गल्लीतला. त्याच्या डोक्याला मार लागला, तीन आठवडे शुद्ध नव्हती. बँड तिथेच संपला. शेवटचा कार्यक्रम उरला तो हॉयटच्या कॅसेटवर, दुसरीकडे कुठेही नाही.

हॉयट विजेच्या कंपनीत मीटर वाचायचा. पस्तीस वर्षं लोकांच्या परसात शिरून आकडे लिहून आणले, एवढीच त्याची नोकरी. गावातल्या माणसांपेक्षा कुत्री त्याला जास्त ओळखायची. बायको होती, लोरीन. ती म्हणाली, एक तर मी राहीन नाहीतर या कॅसेटी. हॉयटने विचार करायला दोन दिवस मागितले. दोन दिवस मागितलेस यातच उत्तर आलं, असं म्हणून ती व्हॅल्डोस्टाला निघून गेली. मी तिला नावं ठेवत नाही.

पण कॅसेटींच्या जगात त्याला मान होता, हे कबूल करायला हवं. या लोकांचा धर्म कडक. टेप विकायची नाही, कधीच नाही. ज्याला हवी त्याने दोन कोऱ्या कॅसेटी पाठवायच्या, एक भरून परत मिळते, दुसरी भरून देणाऱ्याला राहते. मूळ कॅसेटवरून काढलेली ती पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी. माणसं स्वतःच्या आजोबांचं नाव विसरतील, पण आपली कॅसेट कितव्या पिढीची हे विसरायची नाहीत. आणि साऱ्या पिढ्यांचा मूळपुरुष म्हणजे माझा भाऊ. ओरेगनहून लोक यायचे आणि त्याच्याशी हात मिळवताना टोपी काढायचे.

दर शनिवारी सकाळी ही मंडळी त्याच्या कारपोर्टमध्ये जमायची. मी शेजारीच राहते, मध्ये फक्त कुंपणाची झुडपं, त्यामुळे चाळीस वर्षं सगळं कानावर पडलं. मुख्य वक्ता ग्रेडी फसेल, पूर्वी शाळेची बस चालवायचा. बस चालवून आवाज मोठा झालेला, तो निवृत्तीनंतरही लहान झाला नाही. दुसरा विन्स्टन, जॅक्सनव्हिलचा दातांचा डॉक्टर. तो दोन तास गाडी हाकत यायचा, नुसतं ग्रेडीशी भांडायला.

"सव्हॅनाच्या कार्यक्रमाची टेप ऐक आणि मग बोल," विन्स्टन म्हणायचा. "आवाज किती स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे म्हणून चांगला का रे? तुझा दवाखानाही स्वच्छ आहे, तिथे कोण नाचतं?"

"निदान दोन्ही रेकॉर्डींशी ताडून तरी बघ."

"रेकॉर्डी गेल्या खड्ड्यात. इस्त्री केलेले कपडे नुसते. माणूस बघायचा तर घामात बघावा. हॉयट, लाव रे वेल्डन. शेवटचं गाणं लाव."

मग वेल्डनची कॅसेट लागायची. ती सगळ्यांत का गाजली, तर त्या रात्री बँड धावला म्हणून. 'धावती रात्र' असंच नाव पडलं होतं तिला. पहिलं गाणं नेहमीसारखं, मग हळूहळू वेग चढत जातो आणि शेवटी तर गाडीचे ब्रेक गेल्यासारखं. सव्हॅनाला ज्या गाण्याला सात मिनिटं लागतात ते इथे साडेसहात खल्लास. रेबर्नचा आवाजही चढलेला, पातळ झालेला, रडू फुटेल असा.

"ठाऊक होतं त्याला," विन्स्टन दरवेळी म्हणायचा. "उद्याचा दिवस नाही हे ठाऊक होतं."

"डोंबल ठाऊक होतं! ड्रमर पळवतोय सगळ्यांना. ड्रमर धावला की बाकीच्यांना धावावंच लागतं. आणि ड्रमर कशाने धावतो ते आता माझ्या तोंडून वदवू नका." असं म्हणून ग्रेडी तळहातावरची नसलेली गोळी तोंडात टाकायचा. सगळे माना डोलवायचे. हॉयट अशा वेळी उठून उकडत्या शेंगांचं पातेलं ढवळायला जायचा. मला वाटायचं, शेंगांची काळजी.

ही गोळ्यांची गोष्ट अपघातानंतर लगेच नव्हती निघाली. तेव्हा गावाने डेल्मरच्या घरी डबे नेऊन दिले होते, पोलिसांनी धुक्यावर आणि त्या ट्रकवर बोट ठेवलं होतं. दहाएक वर्षांनी चाहत्यांच्या एका झेरॉक्स केलेल्या पत्रिकेत कुणीतरी लिहिलं की, शुद्धीतला माणूस इतक्या वेगाने वाजवू शकत नाही. आणि रात्री जो शुद्धीत नव्हता तो सकाळी गाडी चालवत होता. पुरावा काय, तर कॅसेट. घरोघर होती ती. पराचा कावळा व्हायला वेळ लागला नाही, आणि कावळा उडत आमच्या गावात आला. डेल्मर पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. एकदा कुणीतरी शेडच्या दाराला औषधाची रिकामी बाटली टांगली. त्याने ती काढून कचऱ्यात टाकली आणि कामाला लागला. कधी कुणाला उत्तर दिलं नाही. उत्तर देत नाही म्हणजे खरंच असणार, असं लोक म्हणाले. ड्रमच्या काड्यांना तर त्याने पुन्हा हात लावला नाही.

त्याची आई, मिस ओपल (आमच्याकडे वयाने मोठ्या बायकांना लग्न झालं तरी मानाने मिसच म्हणतात), आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायच्या. ती गोष्ट गावात आल्यावर शेवटच्या बाकावर बसायला लागल्या. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेला बसतात. पास्टर विचारतात, कुणाकुणासाठी प्रार्थना करायची? मग कुणी नातवाचं ऑपरेशन सांगतं, कुणी नवऱ्याचा गुडघा. ज्याला सांगायचं नसतं तो नुसता हात वर करतो आणि म्हणतो, "मनातलं." मग कुणी काही विचारत नाही. मिस ओपल दर बुधवारी हात वर करायच्या. "मनातलं." शेवटी शेवटी दुसऱ्या हाताने कोपर धरून वर करायच्या. मी बाजूला ऑर्गनवर बसलेली असते, मला सगळं दिसतं. पंच्याण्णव साली त्या गेल्या, तोवर एक बुधवार चुकला नाही.

मी तेव्हा काय केलं? काही नाही. मला त्या बँडचा कंटाळा होता आणि त्यांच्या चाहत्यांचा त्याहून जास्त. ती कॅसेट मी कधी धड ऐकलीसुद्धा नव्हती. ते पुरुष एक गाणं सलग वाजू देतील तर शपथ.

दोन हजार चौदा साली रेबर्नला जाऊन चाळीस वर्षं होणार होती. चाहत्यांनी ठरवलं, आमच्या चर्चमध्ये स्मरणाची सभा घ्यायची. त्यात अटलांटाच्या एका रेकॉर्ड कंपनीचं हॉयटला पत्र आलं. 'धावती रात्र' त्यांना रीतसर काढायची होती. त्यासाठी मूळ कॅसेट हवी आणि सही हवी, आणि पाकिटावर छापणार होते: 'ध्वनिमुद्रण, हॉयट टिलमन'. हॉयट ते पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला तेव्हा चेहरा असा, की वाटलं आमचं कुणी गेलं.

"अरे, आनंदाची गोष्ट आहे ना ही?" मी म्हटलं.

"हो ना, ताई."

"मग थोबाड असं का?"

"काही नाही. ऊन लागलं असेल." आणि गेला.

सभेत मी रेबर्नचं ते शेवटचं गाणं ऑर्गनवर वाजवावं असं ग्रेडीने सुचवलं. म्हणाला, मिस इमोजीन, हल्लेलुया जरा कमी, दुःख जरा जास्त. मी म्हटलं, तू बस चालव. पण कबूल केलं. हॉयटकडून कॅसेट मागितली, तर त्याने चार दिवस घोळ घातला. शेवटी मीच त्याच्या कपाटातून एक उचलली, चर्चमध्ये ऑर्गनशेजारी वाजवायचं यंत्र ठेवलं आणि बसले.

इथे मला एक कबुली द्यायला हवी, जी मी चाळीस वर्षं दिली नव्हती. बँडचं स्वतःचं ऑर्गन त्या आठवड्यात ट्रकवरून पडून फुटलं होतं. गोदामात त्या रात्री वाजलं ते आमच्या चर्चचं ऑर्गन. मीच मागच्या दाराने दिलं, चार पोरांनी पिकअपवर चढवलं आणि उजाडायच्या आत परत आणून ठेवलं. डीकन लोकांना, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांना, कळलं असतं तर मला ऑर्गनवरून उठवून थेट दाराबाहेर बसवलं असतं. म्हणून गप्प बसले. कॅसेटवर ते ऐकताच ओळखलं मी. वरच्या पट्ट्यांतला एक सूर वाजण्याआधी घसा साफ करतो, तो अजूनही करतो.

पहिलं गाणं लावलं, सोबत वाजवलं, जुळलं. तिसरं लावलं, जरा बेसूर. म्हटलं, माझेच कान म्हातारे झाले. शेवटचं लावलं आणि हात उचलले. मी एका पट्टीत, कॅसेट भलतीच वर. पुढची पट्टी धरली तर कॅसेट तिच्याही वर, दोन सुरांच्या मधल्या फटीत कुठेतरी. आता गिटार वर चढवता येते, गाणाराही चढतो. पण या ऑर्गनच्या पोटात चाकं आहेत, ती विजेच्या ठेक्यावर फिरतात, आणि वीज सगळ्या राज्यात एकाच ठेक्याने येते. हे ऑर्गन कधी वर जात नाही की खाली येत नाही. बेचाळीस वर्षं वाजवतेय मी ते. म्हणजे चढलं होतं ते ऑर्गन नव्हे, आणि धावला तो बँड नव्हे. चुकली होती कॅसेट.

मी हॉयटला फोन करून बोलावलं. तो पहिल्या बाकावर बसला. मी आधी कॅसेट लावली, मग ऑर्गनवर तोच सूर दिला. दोन्ही एकत्र असे वाजले, की दातात खडा आला.

"विजेच्या कंपनीत पस्तीस वर्षं काढलीस," मी म्हटलं. "ऑर्गनची चाकं कशी फिरतात ते मी सांगू तुला?"

तो टोपी हातात फिरवत राहिला.

"ताई, मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सेल जुने होते. आदल्या रात्री रानात रॅकूनच्या शिकारीला गेलो होतो. बॅटरीतले तेच सेल काढून रेकॉर्डरमध्ये घातले. नवे आणेपर्यंत दुकान बंद झालं. सेल उतरत गेले तशी आत फीत सावकाश फिरत गेली. मग धड यंत्रावर वाजवलं की गाणं पळतं."

"आणि ओहायोच्या एका चाहत्याने तुला पत्र पाठवून विचारलं होतं, सेल नवे होते का म्हणून. तू लिहिलंस, त्याच दिवशी आणलेले."

"लिहिलं."

"मीच टाकलं ते टपालात."

"हो."

"तेव्हा ठाऊक होतं?"

"त्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात कळलं. माझ्या कॅसेट वाजवायच्या डेकला वेग कमीजास्त करायचा खटका आहे. फिरवून बघितला. डेल्मरचा ठेका लगेच ओळखू आला. कुठे धावत नव्हता बिचारा."

"एक्याण्णव साल होतं ते, हॉयट."

"ताई, माझ्याकडे दुसरं काय आहे गं?"

मला जे तोंडाला आलं ते मी बोलले. देवाच्या घरात बोलू नये असंही बोलले. लाज कशी वाटत नाही म्हटलं, दर शनिवारी तुझ्या दारात बसून ते त्या माणसाची सालं काढतात आणि तू शेंगा ढवळतोस?  मग तो हळूच म्हणाला, "तूही ऑर्गनचं कधी बोलली नाहीस." मला चपराक बसल्यासारखं झालं. खरंच होतं ते. कारपोर्टमध्ये एकदा जाऊन कॅसेट नीट ऐकली असती आणि ते ऑर्गन आमचं आहे एवढं बोलले असते, तर तीस वर्षांपूर्वीच सगळं उघडं पडलं असतं. डीकन तर केव्हाच मेले होते.

शेवटी मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही. कोंबडं झाकून ठेवायचं तर ठेव. पण शनिवारी मी ऑर्गनवर सूर धरीन आणि तू डेकचा खटका फिरवशील, सगळ्यांसमोर. नाहीतर मला वाजवायला सांगू नकोस, आणि जेवायला येऊ नकोस."

तीन दिवस तो जेवायला आला नाही. शुक्रवारी सकाळी बघते तर हा आपलं गवत कापायचं यंत्र पिकअपमध्ये चढवतोय. चांगलं धडधाकट यंत्र. पुढचं डेल्मरच्या शेजाऱ्याने मला सांगितलं. डेल्मरने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, एकदा चालू केलं, बंद केलं.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," हॉयट म्हणाला. "उद्या चर्चला ये. अकराला."

"तिथे माझं काय काम?"

"तुझंच काम आहे. ये तू."

शनिवारी साठेक माणसं जमली. कंपनीचा माणूस कागद घेऊन पुढच्या बाकावर. ग्रेडीने भाषण केलं. म्हणाला, जगात मोठे बँड पुष्कळ झाले, पण एका रात्री, आपल्या वेल्डनमध्ये, एक बँड माणसाच्या ताकदीबाहेर वाजला, आणि त्याचा वारसा आपल्या हातात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेल्मर आला होता. शेवटच्या बाकावर, आईच्या जागेवर बसला होता, डोळे जमिनीवर. त्याच्या आसपासची जागा रिकामीच राहिली.

हॉयट उठला. त्याला भाषण कुठलं येतंय? म्हणाला, "सेल जुने होते."

कुणाला काही कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. बॅटरी, रॅकून, बंद दुकान. एक शब्द गाळला नाही. ग्रेडी उभा राहिला.

"अरे काहीतरीच काय! गिटारी चढवल्या होत्या त्यांनी त्या रात्री. सगळ्यांना माहीत आहे."

"गिटारी चढवता येतात, ग्रेडी," मी ऑर्गनवरून म्हटलं. "ये इकडे, हे ऑर्गन चढवून दाखव. त्या रात्री वाजलं ते हेच. मीच दिलं होतं."

तो आला नाही. मी सूर धरला. हॉयटने शेवटचं गाणं लावलं आणि खटका फिरवायला लागला. कॅसेट वर होती, मग खाली यायला लागली, दातातला खडा विरघळत गेला, आणि एका क्षणी ऑर्गन आणि कॅसेट एकच झाले. मी हात काढला. हॉयट खटक्यावर बोट ठेवून बसला, कारण त्या रात्री सेल जसे उतरत गेले होते तसा खटका त्याला सारखा फिरवावा लागत होता.

सात मिनिटं लागली. सव्हॅनाएवढीच. रेबर्नचा आवाज भरदार होता, रडका अजिबात नाही. आणि ड्रम कुठे धावत नव्हते. प्रत्येक ओळीपाशी डेल्मर किंचित थांबायचा, रेबर्नचा श्वास पुरा होऊ द्यायचा आणि मगच पुढे जायचा. म्हाताऱ्या आईबरोबर चालणारा माणूस चालतो तसा. मला त्या बँडचं काही आवडत नाही, पण ते आवडलं. गाणं संपलं तेव्हा विन्स्टन रुमालात नाक शिंकरत होता. ग्रेडीने टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि तिच्याकडेच बघत होता. कंपनीचा माणूस म्हणाला, असंही काढता येईल म्हणा. 

डेल्मर मधल्या वाटेने पुढे आला. लोकांनी पाय आत घेतले.

"हा मी आहे?" त्याने विचारलं.

"तूच," हॉयट म्हणाला.

"मला ती रात्र आठवत नाही," डेल्मर म्हणाला. खालच्या आवाजात, हिशोबाने बोलल्यासारखं. "कार्यक्रम आठवत नाही, व्हॅन आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा जूनपर्यंतचंच आठवत होतं. मग लोकांनी कॅसेटचं काढलं, तेव्हा मी ती ऐकली. म्हटलं, मी असं वाजवत नाही. घेतलं असेल काहीतरी. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, पण कॅसेट कशाला खोटं बोलेल? आईने एकदाच विचारलं मला. 'डेल्मर, घेतलं होतंस का?' मी म्हटलं, 'आई, आठवत नाही. पण घेतलंच असणार.'"

 हॉयटने खटक्यावरचं बोट काढलंच नव्हतं.

"तुला कधी कळलं, हॉयट?"

माझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं. 'याच आठवड्यात' म्हणाला असता तर मी तोंड उघडलं नसतं. खरं सांगते, नसतं उघडलं. त्यालाही ते ठाऊक होतं.

"एक्याण्णवला," तो म्हणाला.



"आई पंच्याण्णवला गेली," डेल्मर म्हणाला. मग टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेला. शेडचं दार त्याने उघडल्याचं पेट्रोल पंपावरच्यांनी सांगितलं. कुणाचं तरी यंत्र दुपारी द्यायचं होतं.

हॉयटने सही केली नाही. मूळ कॅसेट त्याने एका पाकिटात घालून डेल्मरच्या शेडच्या फटीतून आत सरकवली. तिचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही, आणि कुणी विचारायला गेलंही नाही. पुढच्या शनिवारी कारपोर्टमध्ये कुणी आलं नाही. जपानचं पत्र भिंतीवरून निघालं, तिथे चौकोनी डाग राहिला. ग्रेडी मात्र डेल्मरकडे स्वतःचं यंत्र घेऊन गेला, म्हणे दुरुस्तीला. डेल्मरने दुरुस्त करून दिलं. त्याहून जास्त दोघं बोलले नाहीत.

पुढच्या बुधवारी प्रार्थनेला हॉयट आला. लग्नानंतर तो बुधवारी कधी आला नव्हता. शेवटच्या बाकावर बसला. पास्टरांनी विचारलं, कुणाकुणासाठी प्रार्थना करायची? कुणाचं तरी पित्ताशयाचं दुखणं निघालं, कुणाच्या सुनेला दिवस गेले होते. मग हॉयटने हात वर केला.

"सांगा, ब्रदर हॉयट."

"मनातलं," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. पण त्या दिवशी मी भावासाठी काही मागितलं नाही. मिस ओपलना सांगितलं की, तुमच्या पोराने काही घेतलं नव्हतं.